कादंबरीचा दुसरा भाग

पुस्तकाचा पहिला भाग लोक उत्सुकतेनं वाचतात आणि दुसरा भाग हिशेबाला बसल्यासारखा. पहिल्या भागात लेखकाला पुष्कळ काही माफ असतं. नवी ओळख असते, पाहुण्याचं कौतुक असतं. तोच पाहुणा दुसऱ्यांदा दारात आला की घरातली माणसं विचारतात, मागच्या वेळी काय कबूल करून गेला होतात? आज मला बोलायचं आहे ते असं विचारणाऱ्या वाचकाविषयी. त्यातही पंधरा ते वीस वयाच्या वाचकाविषयी, कारण त्याचं मत विचारायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

निमित्त एका मागणीवहीचं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं आहे. वाचकांना जी पुस्तकं हवी असतात त्यांची नावं ते एका वहीत लिहून ठेवतात आणि खरेदीच्या वेळी आम्ही ती वही उघडतो. मागे एकदा अकरावीतल्या एका मुलीनं तिथं एका इंग्रजी पुस्तकाचं नाव लिहिलं होतं आणि पुढे टिपलं होतं, 'दुसरा भाग. पहिला मैत्रिणीकडून आणून वाचला. पुढे काय झालं ते कळलंच पाहिजे.' पुस्तक कशावर आहे याची चौकशी झाली. मेलेल्या तरुणावर प्रेम करणाऱ्या मुलीची गोष्ट आहे, असं कळल्यावर बैठकीत हशा पिकला. एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "कविराज, आता एवढंच राहिलं होतं. प्रेतांची प्रेमकथा, आणि तिचाही दुसरा भाग!" मी तो विषय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवायला सांगितला आणि दोन्ही भाग मिळवून वाचले.

लेखिका अमेरिकन आहे, लिया हेबल. 'डियरली, डिपार्टेड' हा पहिला भाग 2011 साली निघाला आणि 'डियरली, बिलव्हेड' हा दुसरा 2012 साली. गोष्ट घडते बाविसाव्या शतकाच्या अखेरीस. जगाची मोठी पडझड होऊन गेली आहे आणि वाचलेल्या काही लोकांनी राणी व्हिक्टोरियाच्या काळातले रीतिरिवाज पुन्हा उचलले आहेत. मुलींचे घोळदार झगे, सरदार-दरकदारांचा थाट, सगळं जुनं. हाताशी यंत्रं मात्र अगदी नवी. त्यांच्या विरोधातला दुसरा गट ही नवी यंत्रं नाकारतो आणि वाफेवर भागवतो. अशात एक साथ पसरते. तिनं मेलेली माणसं उठून चालू लागतात. काही नुसती भुकेली धुडं होऊन हिंडतात. काहींची बुद्धी, आठवण आणि माणुसकी शाबूत राहते. नोरा नावाची मुलगी आणि ब्रॅम नावाचा असाच एक मेलेला तरुण सैनिक यांचं प्रेम, ही पहिल्या भागाची कथा.

यातले दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. पहिला 'स्टीमपंक'. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं 1987 साली तो थोडा गमतीनं घडवला. वाफेचं यंत्र मागे पडलंच नसतं, तेच सुधारत सुधारत पुढे गेलं असतं, तर जग कसं दिसलं असतं? या कल्पनेवर रचलेल्या गोष्टी म्हणजे स्टीमपंक. शब्द नवा असला तरी चीज जुनी आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यानं 1880 सालच्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती हिंदुस्थानातून फिरवला होता. हत्तीमागे चाकांवरची घरं, आत साहेबलोक आणि त्यांच्या वैरी म्हणून उभे केलेले आपले नानासाहेब पेशवे! व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नव्हता. पण वाफ आणि साम्राज्य यांचं नातं त्यानं अचूक हेरलं होतं.

वर्ध्याच्या माणसाला हे नातं पुस्तकातून शिकावं लागत नाही. हिंगणघाट-पुलगावच्या कापसाच्या गिरण्यांचे भोंगे आमच्या वडीलधाऱ्यांनी ऐकले. पुलगाव ते आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची नॅरोगेज लाइन इंग्रजी कंपनीनं कापसासाठीच घातली होती. आणि यंत्र माणसाचं चाकर की मालक, हा वाद तर याच जिल्ह्यात मुक्कामाला आला. 1909 साली 'हिंद स्वराज' लिहून यंत्रसंस्कृतीला प्रश्न विचारणारे गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. पण चरखा जास्त चांगला व्हावा म्हणून 1929 साली एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, त्यामागेही तेच होते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्याचे नाना अवतार पाहिले की कळतं, इथं यंत्राला सरसकट नकार नव्हता. कोणतं यंत्र, कोणाच्या हातात, हा प्रश्न होता. हेबलच्या कादंबरीतले दोन गट याच प्रश्नावरून भांडतात.

दुसरा शब्द 'झॉम्बी'. तो हैती बेटावरून आला. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. मरण आलं की सुटका, एवढीच त्यांना आशा. मेल्यावरही आपल्याला उठवून कामाला जुंपलं तर, ही भीती ज्या कल्पनेत उतरली ती झॉम्बीची. पुढे 1968 साली जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाच्या सिनेमानं त्याला आजचं माणसं खाणारं रूप दिलं आणि मूळचं दुःख मागे पडलं.

आता मेलेल्या प्रियकराकडे येऊ. त्यावर हसण्याआधी आपण आपल्या घरात पाहावं. माझ्या कानावर लहानपणापासून उर्दू गझल पडली. त्या गझलेतला आशिक जितका जिवंतपणी बोलतो तितकाच मेल्यावर बोलतो. कबरीतून तक्रार करतो, मैयतीला ती आली की नाही ते पाहतो. मीर, गालिब यांच्याकडे हे इतकं सहज आहे की कोणी दचकत नाही. अमरावतीच्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली तेव्हा त्या कबरीचं सरण झालं, बोलणारा मात्र तोच राहिला. आमच्या शेजारच्या काकू वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात, ती सावित्री तरी काय करते? नवऱ्याचे प्राण घेऊन निघालेल्या यमाच्या मागे चालत जाते आणि त्याला परत आणते.

सगळ्यात नवल पुढेच आहे. मराठीत नॉव्हेलला आपण 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द बाणभट्टाच्या संस्कृत कथेच्या नावावरून आला, हे बी. ए.ला मराठी घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. त्या कथेत घडतं काय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कादंबरी ही नायिका. तिचा प्रियकर चंद्रापीड हा उज्जयिनीचा राजपुत्र. मित्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून त्याचं काळीज फुटतं आणि तो मरतो. कादंबरी अग्नीत उडी घ्यायला निघते, तेव्हा आकाशवाणी होते की हा देह नासणार नाही, तो जपून ठेव. ती तो देह जपत, सेवा करत बसते आणि शेवटी तिच्या मिठीत तो पुन्हा जिवंत होतो. म्हणजे ज्या ग्रंथावरून आपण कादंबरी हा शब्द उचलला, तो ग्रंथच मेलेल्या प्रियकराची वाट पाहणाऱ्या मुलीचा आहे.

आणि ही मरणाची हकिगत बाणभट्टानं लिहिलेलीच नाही. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेला हा कवी कथा अर्ध्यावर टाकून वारला. पुढचा भाग त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं लिहिला. चंद्रापीडाचं मरण आणि त्याचं परतणं मुलाच्या हातून उतरलं आहे. उत्तरभागाच्या आरंभी तो सांगतो की कथा तुटल्याचं सज्जनांना दुःख झालं म्हणून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या अभिमानानं नव्हे. वाचकांचं मत ऐकून लिहिलेला असा हा दुसरा भाग आहे. त्याच्यावर मतंही तेव्हापासून तीच चालत आली. बापाची भाषा मुलाला साधली नाही, असं जाणकार म्हणतात. मुलाच्या हातात गोष्ट भराभर पुढे सरकते, हेही तेच जाणकार मान्य करतात.

आमच्या वाचनालयातल्या मुलांचं बोलणं मी ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं. हेबलचा दुसरा भाग तिघा-चौघांनी वाचला होता आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं. जिनं वहीत नाव लिहिलं होतं, ती मुलगी नाराज होती. "यात सांगणारे फार झाले," ती म्हणाली. "एक प्रकरण याचं, एक तिचं. नोरा आणि ब्रॅम एकमेकांशी नीट बोलतील म्हणून मी पानं उलटत होते." तिच्या मैत्रिणीचं म्हणणं नेमकं उलट. पहिल्या भागात नोराची मैत्रीण पामेला हल्ल्यातून वाचते. दुसऱ्या भागात संकट टळलेलं असूनही तिच्या मनातली भीती जात नाही. "सर, पहिल्या भागात लढाई आहे, दुसऱ्यात लढाईनंतरची झोप न येणं आहे," असं ती मुलगी म्हणाली. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला असलेला एक मुलगा होता. त्याला प्रेमाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा प्रश्न साधा होता: एवढी वाफ करायची तर कोळसा येतो कुठून आणि तो काढतं कोण? एवढ्या एका प्रश्नात त्यानं स्टीमपंकचं दुखणं सांगितलं. पितळी चाकं आणि चकचकीत नळ्या पानावर दिसतात, भट्टीत कोळसा टाकणारा माणूस सहसा दिसत नाही.

या मतांत मला तीन कसोट्या दिसल्या. पहिली, लेखकानं घालून दिलेला नियम लेखकानं पाळला का? मेलेला माणूस फार काळ टिकणार नाही, त्याला औषध नाही, असं पहिल्या भागात ठरलं होतं. दुसऱ्या भागात सोयीसाठी औषध काढलं असतं तर ही मुलं चिडली असती. सोयीचा चमत्कार वाचकाला लगेच कळतो. दुसरी कसोटी, घडलेल्या गोष्टीची किंमत कोणी मोजली का? पामेलाबद्दल बोलणारी मुलगी हेच पाहत होती. तिसरी, ज्यांच्यासाठी आपण आलो ती माणसं भेटली का? ही तक्रार भाबडी वाटते, पण तीच सर्वांत जुनी आहे. आर्थर कॉनन डॉइलनं 1893 साली शेरलॉक होम्सला मारून टाकलं तेव्हा वाचक खवळले आणि 1903 साली त्याला होम्सला परत आणावं लागलं. वाचकांच्या हट्टानं मेलेला माणूस उठला, तो असा!

कधी दुसरा भाग पहिल्याचा अर्थच बदलून टाकतो. व्हर्नच्या पाणबुडीचा कॅप्टन निमो 1870 साली पुस्तकात आला तेव्हा त्याचा देश कोणता, हे कोणाला माहीत नव्हतं. चार-पाच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या कादंबरीत कळलं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, 1857च्या लढाईत सगळं गमावून बसलेला. ज्याला वाचकांनी विक्षिप्त समजलं होतं, तो एका पराभूत देशाचा माणूस निघाला. दुसरा भाग लिहायचा तर असा लिहावा.

हेबलच्या दुसऱ्या भागातला जो धागा मला स्वतःला भिडला, तो मुलांनी बोलून दाखवला नाही. तिथं शहाणे मृत जिवंतांच्या शहरात राहायला आले आहेत. कायद्यानं राहू दिलं आहे, गल्लीनं अजून स्वीकारलेलं नाही. एकाच्या हातून काही वाईट घडलं की सगळ्यांकडे बोट जातं. भाड्याचं घर शोधताना ज्याला खोलीच्या आधी आडनाव विचारलं गेलं आहे, त्याला ही पानं परकी वाटणार नाहीत. पहिल्या भागात नोरा-ब्रॅमचं प्रेम जमतं. ते प्रेम घेऊन मोहल्ल्यात कसं राहायचं, हा प्रश्न दुसऱ्या भागात येतो. भीतीच्या गोष्टीतून हे सांगता येतं, म्हणून भीतीच्या गोष्टीला हलकं मानू नये.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. प्रस्तावनेत त्यांनी कारण दिलं ते असं की आपल्या लोकांची लग्नं, आपली राहणी अशी ठरीव आहे की रोज घडतं तेच लिहिलं तर त्यात रस वाटण्याजोगं काही उरणार नाही. म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. टीकाकार या कादंबऱ्यांना नावं ठेवत राहिले. पण ज्या समाजात मुलीला नवरा निवडता येत नव्हता, तिथं प्रेम करायला नायिकेला अद्भुत नगरीतच जावं लागलं, हे रिसबुडांना कळलं होतं. आमच्या गावच्या मुलींचं आयुष्य तेव्हापेक्षा खूप मोकळं आहे. तरी बारावी झाली की स्थळं येऊ लागतात, हेही खरं आहे. मेलेल्या सैनिकावर प्रेम करणारी आणि त्यासाठी घरादाराशी वाद घालणारी नोरा त्यांना का आवडते, याचं उत्तर मला रिसबुडांच्या प्रस्तावनेत सापडतं.

पुढे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या हजारावर रहस्यकथांनी मराठी माणसाला वाचायला लावलं. नारायण धारपांनी भयकथा मध्यमवर्गीय वाड्यात, बंगल्यात आणून ठेवली. धारपांच्या गोष्टीवरून बीज घेतलेला 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा 2018 साली आला तेव्हा थोडक्या लोकांनी पाहिला. 2024 साली तो पुन्हा लागला आणि या वेळी थिएटरं भरली. मग दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि लगेच वाद सुरू झाला, तो भाग यावा की न यावा. 2022 साली 'झोंबिवली' या मराठी सिनेमानं झॉम्बी डोंबिवलीत आणले. टॉवरमधली माणसं आणि शेजारच्या वस्तीतली माणसं यांच्यामधली भिंत दाखवायला त्याला झॉम्बी उपयोगी पडले. प्रेक्षक हसले आणि त्यांना भिंतही दिसली. तेव्हा ही आवड परदेशी आहे, असं म्हणायची सोय उरलेली नाही.

उणीव आहे ती पुस्तकांच्या कपाटात. आमच्या वाचनालयात बालसाहित्याचं कपाट आहे, त्यात फास्टर फेणे आहे. त्याच्या शेजारी एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं कपाट. मधल्या पाच-सहा वर्षांच्या मुलामुलींसाठी कपाट नाही. दहावीपर्यंत रोज येणारी मुलं त्या फटीत हरवतात. ज्यांना इंग्रजी जमतं ती इंग्रजी पुस्तकांकडे जातात, ज्यांना जमत नाही ती वाचणं सोडतात. वाचनालय अ वर्गाचं आहे की ड वर्गाचं, यावर अनुदान ठरतं. पण सोळाव्या वर्षी गेलेला वाचक परत आला की नाही, याची नोंद कुठल्याच वर्गात नसते. 2023 साली वर्ध्याला 96वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. भाषेच्या भवितव्याची काळजी अशा मांडवांत नेहमीच वाहिली जाते. मला वाटतं, भाषेचं भवितव्य या मधल्या, नसलेल्या कपाटात अडकलं आहे.

पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडलं. दुसरा भाग विकत घेतला गेला, पहिलाही घेतला गेला. ज्येष्ठ सभासदांनी अट घातली की तेवढ्याच रकमेची मराठी भयकथा आणि विज्ञानकथाही घ्यावी. मला ती फार पसंत पडली. शिवाय मागणीवहीत एक रकाना वाढला, 'वाचून काय वाटलं?' त्यात फिटरच्या मुलानं धारपांविषयी लिहिलं, 'भुताचा नियम पहिल्या पानावर सांगितला, शेवटी पाळला. चांगलं पुस्तक.' एका समीक्षकानं चार पानांत जे सांगितलं असतं ते त्यानं एका ओळीत सांगितलं.

श्रोत्यांना माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं कोणी जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेलं असेल आणि मुखपृष्ठावर कवटी, चाकं, धूर असं काही दिसत असेल, तर 'हे काय वाचतोस?' असं दरडावण्याऐवजी 'पहिला भाग बरा होता की दुसरा?' असं विचारून पाहा. उत्तर लांबलचक येईल, कदाचित रागानं येईल. त्यात नियम, न्याय, प्रेम, मरण सगळं येईल. बाण गेल्यावर तुटलेल्या कथेसाठी हळहळणारी माणसं होती, म्हणून भूषणभट्टानं लेखणी उचलली. मराठीतही कोणी तरुण लेखक किंवा लेखिका अशा हळहळीची वाट पाहत असेल. तिच्यापर्यंत ती पोचायची तर आधी ती कोणीतरी ऐकून घेतली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)